हृदयाचे चित्र आणि वीस मिनिटांची कसोटी



मराठवाडा १९५६ साली हैदराबाद राज्यातून निघाला. परंतु दुखणे बळावले की उदगीर-देगलूरकडील मंडळी आजही हैदराबादेची वाट धरतात. तेथील मोठ्या इस्पितळांत छातीत कळ येणाऱ्यास पुष्कळदा ‘थॅलियम टेस्ट’ सांगतात. नाव जुनेच राहिले. औषध मात्र आता बहुधा टेक्नेशियमचे असते. त्याची किरणशक्ती दर ६ तासांनी निम्मी होते.

हे औषध शिरेतून टोचले म्हणजे रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत शिरते. जेथे रक्त कमी पोहोचते, तो भाग चित्रात फिका उमटतो. कॅमेऱ्यापुढे शिशाची जाड चाळणी असते. तीतून दहा हजारांत एखाददुसराच किरण पार होतो. म्हणून रोग्याने हात डोक्यावर घेऊन १५ ते २० मिनिटे निश्चल पडून राहावयाचे. खांदा आखडलेल्या वृद्धास ही मोठीच कसोटी! तो जरा हलला, तर निरोगी भागही फिका दिसावयाचा आणि नसता धोंडा गळ्यात पडावयाचा.

मग वेळ सरळ कमी का करू नये? पातळ पेरलेल्या शेतात मोकळी जागा दिसली, तर जमीन नापीक की बी कमी पडले, हे कसे ओळखावे? किरण थोडे मिळाले की चित्राचेही तसेच होते. यावर दोन उपाय निघाले. एक, थोड्या किरणांतूनही स्पष्ट चित्र जुळविणारी गणकयंत्राची रीत. तिने वेळ सुमारे निम्म्यावर येतो. दुसरा, कॅडमियम, झिंक व टेल्युरियम यांच्या स्फटिकांचा कॅमेरा. तो केवळ हृदयावर रोखलेला असून किरणांचे थेट विजेत रूपांतर करतो. त्यास ५ मिनिटांच्या आसपास वेळ पुरतो. अथवा वेळ थोडा वाढवून औषध कमी देता येते. मात्र हे यंत्र महाग असल्याने सर्वत्र आढळत नाही.

तरीही पाच मिनिटांचे चित्र म्हणजे पाच मिनिटांची तपासणी नव्हे. विश्रांतीचे व श्रमानंतरचे अशी दोन चित्रे, शिवाय मधली प्रतीक्षा. अर्धा दिवस सहज जातो. परतीची गाडी त्या बेताने ठरवावी. चहा-कॉफी केव्हापासून वर्ज्य, हे आधी विचारावे. दमा, गर्भारपण वा अंगावर पाजणे असल्यास सांगावे. आणि चित्र घेताना हललात, तर संकोच न करता तेही सांगावे. टेक्नेशियमचे औषध काही तास स्नायूत टिकते. चित्र पुन्हा घेता येते. लपविलेली हालचाल मात्र खोटा रोग दाखवू शकते.