बेसिंगस्टोकहून: न दिसणारी जागा

यावेळचा विषय आहे 'काही नाही'. म्हणजे खरोखरच काही नाही: दोन शब्दांमधली स्पेस.

गेल्या दिवाळीला इथल्याच एका काकूंना कार्यक्रमाचं आमंत्रण गेलं नाही. काका जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं आणि वर्गणी त्यांनी प्रथमच स्वतःच्या नावाने भरली होती. फोन केला तर म्हणाल्या, "अरे, हे गेले, म्हणून मंडळानेही नाव कमी केलं असेल असं वाटलं मला." यादी माझ्याकडे असते. काय बोलणार?

रात्री यादी उघडून बसलो. वर्गणीची यादी पत्त्यांच्या यादीशी एक्सेलमध्ये ताडायची आणि जुळेल त्याला आमंत्रण, ही आपली पद्धत. काकूंचं नाव दोन्हीकडे अगदी सारखं, तरी जुळेना. मागच्यापुढच्या स्पेस काढणारं ट्रिम फंक्शनही लावलेलं. शेवटी अक्षरं मोजली, तर एकीकडे एक जास्त! नावाच्या शेपटाला नॉन-ब्रेकिंग स्पेस चिकटली होती. वेबपेज किंवा ई-मेलमधून कॉपी केलं की पुष्कळदा येते ही बया. साध्या स्पेसचा नंबर ३२, हिचा १६०. दिसायला जुळ्या बहिणी, पण एक्सेलचं ट्रिम फक्त ३२ ला ओळखतं. जावाचं ट्रिमही १६० ला हात लावत नाही. पायथनचं स्ट्रिप मात्र दोघींना बाहेर काढतं.

पोस्टकोडचं काम त्यामानाने सोपं. 'आरजी२१'च्या पुढे कोणी स्पेस देतं, कोणी देत नाही. सगळ्या काढायच्या आणि शेवटच्या तीन अक्षरांआधी एक घालायची. ब्रिटिश पोस्टकोडचा मागचा भाग नेहमी तीनच अक्षरी असतो.

पण मी पडलो इंजिनीयर. चिडून, जे जे दिसत नाही ते ते उडवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि यादीबरोबर संक्रांतीच्या पत्रकावरही चालवला. इथे फसलो. मराठीत न दिसणारं एक चिन्ह फार कामाचं असतं, झीरो विड्थ जॉइनर. पाय मोडलेल्या 'र'पुढे ते असलं तर 'दऱ्या' उमटतं. ते काढलं की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा 'दर्या' होतो! (खाली टिंब असलेला 'ऱ' वापरला तर जॉइनर लागतच नाही, पण आमचं पत्रक जुन्या पद्धतीने टाइप केलेलं होतं.)

पत्रक गेलं. यावेळी काकूंनाही पोचलं. संध्याकाळी त्यांचाच फोन.

"आमंत्रण मिळालं हं. पण 'आचार्यांच्या मदतीला चौघे हवेत' असं लिहिलंयस. कोण आचार्य येताहेत?"

"काकू, ते आचारी हो! स्वयंपाकाचं आहे ते."

"मग ठीक. गुळपोळ्या लाटायला मी येते म्हणावं तुझ्या आचार्यांना."