एलीयाला आधी भाकर मिळाली

अकोल्यात आणि आसपासच्या गावांत मंडळीचं सगळं काम ज्यांच्या अंगावर पडलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या टाकणारा, उपासनेत पेटी वाजवणारा आणि नंतर हिशेबाची वही उघडून बसणारा भाऊ. संडे स्कूल, महिला मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी आणि नाताळचं नाटक एकटीनं ओढणारी ताई. थोडं थांबा म्हटलं की उत्तर येतं, "म्या नाही केलं तं कोन करीन?"

एलीयाचीही हीच तक्रार होती. कर्मेलावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर उभा राहिलेला हा माणूस ईजबेलीच्या एका निरोपानं रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देव त्याला रागावला नाही. देवदूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो जेवून पुन्हा झोपला. देवदूतानं पुन्हा उठवून जेवू घातलं. बोलणं झालं ते ४० दिवस चालून होरेबाला पोहोचल्यावर. तिथं एलीयानं दोनदा सांगितलं, मी एकटाच उरलो आहे. देवानं सांगितलं, ७,००० जण अजून आहेत; आणि अलीशाला तुझ्या जागी नेम. त्या हजारांपैकी कोणी एलीयाच्या हिशेबातच नव्हतं. थकलेल्या माणसाला बाकीची माणसं दिसेनाशी होतात, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाटतं.

१९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञानं 'बर्नआउट'वर, म्हणजे राबून राबून कोलमडण्यावर, लेख लिहिला, तोही न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांना पाहून. मनापासून झटणारेच त्याला आधी कोसळताना दिसले होते.

आता एक अवघड प्रश्न. आभार मानताना पाळकसाहेबांकडून तुमचं नाव राहून गेलं, तर आठवडाभर झोप उडते का? उडत असेल तर स्वतःला दोष देऊ नका. कौतुक सगळ्यांनाच हवं असतं. पण "नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील" या भीतीनं घेतलेलं प्रत्येक काम अंगावर येतं, आणि त्याचा राग घरी लेकरांवर निघतो. माणसांची मर्जी राखायची की देवाची, हा प्रश्न पौलानं गलतीकरांना लिहिताना स्वतःलाच विचारला होता.

म्हणून या वर्षी एक काम सोडा. एकदम टाकून देऊ नका. वार्षिक सभेत सांगा की तीन महिने दुसऱ्या कोणाला सोबत घेऊन शिकवीन आणि मग देऊन टाकीन. शिकणाऱ्या पोरानं पेटी बेसूर वाजवली तरी मध्ये पडू नका. नवीन काम कोणी सांगितलं तर जागेवर हो म्हणू नका. घरी विचारून रविवारी सांगतो, एवढं पुरे. झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठा. सर्वोपचार रुग्णालय आपल्या गावातच आहे, आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करायला पैसे लागत नाहीत.

पाळकसाहेब आणि पंचांनाही हात जोडून विनंती आहे. जो कधी नाही म्हणत नाही, त्यालाच पुन्हा काम सांगू नका. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा, चहा घ्या, आणि कामाचा विषय काढू नका.