रोहिणखेडचा धडा

बुलढाणा जिल्ह्यात प्रदेशाची ओळख आजही दोनच शब्दांत होते : घाटावर आणि घाटाखाली. वर बालाघाटचे पठार, खाली पूर्णेच्या खोऱ्यातील पायनघाट. या दोहोंच्या सीमेवर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, मोताळा तालुक्यात रोहिणखेड हे गाव वसले आहे. तेथे १५८२ साली खुदावंदखानाने बांधविलेली एक लहानशी पण सुबक मशीद आहे. मात्र या गावाच्या शिवारात दीडशे वर्षांच्या अंतराने दख्खनच्या राजकारणाला वळण देणाऱ्या दोन लढाया झाल्या, हे जिल्ह्याबाहेर तर सोडाच, जिल्ह्यातही थोड्यांनाच ठाऊक असेल. पानिपतावर हळहळणाऱ्या आणि वॉटर्लूची तारीख पाठ असणाऱ्या आपल्या सुशिक्षित समाजाला रोहिणखेड आठवत नाही, ही खेदाची गोष्ट होय. कारण जय मिळविणे आणि जय पचविणे यांतील अंतर या गावाइतके स्पष्टपणे दाखविणारी स्थळे फार नाहीत.

याच काळात युरोपातही असाच खेळ चालला होता. विद्या आणि कला यांच्या पुनरुज्जीवनाने इटली उजळून निघाली होती. पण तिची राज्ये एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. १४९४ साली मिलानच्या लुडोविको स्फोर्झाने आपल्या वैऱ्यावर मात करण्यासाठी फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सला इटलीत उतरण्याची चिथावणी दिली. एकदा उघडलेले दार पुन्हा लावता आले नाही. फ्रान्सचे व्हाल्वा घराणे आणि स्पेन-ऑस्ट्रियाचे हॅब्सबर्ग घराणे यांनी आपल्या वैराचा निवाडा इटलीच्या भूमीवर करावयास घेतला. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी पाव्हियाच्या रणात फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस जिवंत पकडला गेला. पाचव्या चार्ल्सचा जय निर्विवाद होता. परंतु दोनच वर्षांनी, १५२७ साली, पगार थकलेल्या त्याच्याच सैन्याने रोम लुटले. जय हॅब्सबर्गांचा, पराजय व्हाल्वांचा आणि राखरांगोळी मात्र इटलीची! जे पाव्हियात घडले, त्याचेच देशी रूप रोहिणखेडला पाहावयास मिळते.

पहिली लढाई १४३७ सालची. बिदरच्या बहमनी गादीवर अलाउद्दीन अहमदशाह दुसरा नुकताच आला होता. खानदेशचा फारुकी सुलतान नासिरखान हा त्याचा सासरा. सुलतानाने संगमेश्वरच्या हिंदू राजाच्या कन्येशी विवाह केला आणि तिच्यावर त्याची मर्जी बसली, तेव्हा नासिरखानाच्या मुलीने बापाकडे गाऱ्हाणे नेले. गुजरातच्या सुलतानाचा पाठिंबा मिळवून नासिरखान वऱ्हाडात घुसला. मुलीचा अपमान हे निमित्त. वऱ्हाडची काळी कसदार जमीन हे प्रयोजन. वऱ्हाडच्या बहमनी सुभेदाराला नरनाळ्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला.

या संकटात पुढे आला तो खलफ हसन बसरी, ‘मलिक-उत्-तुज्जार’ हा किताब मिरविणारा परदेशी सरदार. बहमनी दरबारात तेव्हा दोन तट होते : इराण, अरबस्तान, तुर्कस्तानातून आलेले ‘आफाकी’ आणि येथेच रुजलेले ‘दख्खनी’. काही वर्षांपूर्वी गुजरातकडून झालेल्या पराभवाचे खापर दोन्ही तट एकमेकांच्या माथी फोडत होते. खलफ हसनने अट घातली, की या मोहिमेवर केवळ परदेशी सैन्य द्यावे, दख्खनी नकोत. सुलतानाने ती मान्य केली. रोहिणखेडला नासिरखानाचा धुव्वा उडाला. खलफ हसनने त्याचा पाठलाग करीत बऱ्हाणपूर गाठले, तेथील राजवाडे जाळले आणि पुढे लळिंगच्या किल्ल्यापर्यंत त्याला रेटले. त्याच वर्षी नासिरखानाचा अंत झाला.

बहमनींचा जय संपूर्ण होता. परंतु खरी परीक्षा रणात नव्हे, जयानंतर भरलेल्या दरबारात झाली. यापुढे परदेशी सरदारांनी सिंहासनाच्या उजव्या हाताला आणि दख्खनींनी डाव्या हाताला उभे राहावे, असा दंडक घालण्यात आला. एका मोहिमेतील पराक्रमाचे बक्षीस म्हणून अर्ध्या राज्यकर्त्या वर्गाला कायमचे दुय्यम ठरविले गेले. जो मानपान साऱ्या राज्याचा म्हणून वाटला गेला असता, तो एका गटाच्या पदरात पडला.

त्याची फळे लवकरच दिसू लागली. हाच खलफ हसन पुढे कोकणच्या स्वारीवर गेला, तेव्हा शिर्क्यांनी त्याला सह्याद्रीच्या अरण्यात नेऊन सैन्यासह गारद केले. त्या संहारातून वाचलेले परदेशी सैनिक चाकणच्या गढीत आले, तर दख्खनी सरदारांनी त्यांच्यावर बंडाचा आळ घेऊन, अभय देऊन, त्यांची कत्तल केली. १४८१ साली महमूद गावानसारखा कर्तबगार वजीर याच गटबाजीने रचलेल्या बनावट पत्राचा बळी ठरला. त्यानंतर बहमनी राज्याची पाच शकले होण्यास वेळ लागला नाही. रोहिणखेडच्या जयाने सीमा राखली, पण घर फुटले.

दुसरी लढाई १५९०-९१ सुमाराची. आता वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत होता. गादीवर लहानगा इस्माईल आणि सूत्रे महदवी पंथाच्या जमालखानाच्या हाती. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हा अकबराच्या आश्रयाला होता. दिल्लीचे सैन्य घेऊन आपण गेलो तर दख्खनचे लोक बिथरतील, हे ओळखण्याइतका तो चतुर होता. म्हणून त्याने खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेतली. दक्षिणेकडून विजापूरची फौजही जमालखानावर चालून आली. जमालखानाने विजापूरकरांना हरविले आणि तसाच उत्तरेस धावला; परंतु रोहिणखेडला तो मारला गेला. बापाने मुलाला गादीवरून उतरविले आणि स्वतः बुऱ्हाण निजामशाह म्हणून राज्यावर बसला.

हा जय तरी कुणाला लाभला? १५९५ साली बुऱ्हाण वारला आणि अहमदनगरचे सरदार वारसावरून भांडू लागले. मियाँ मंजू या वजिराने प्रतिपक्षाला शह देण्यासाठी अकबराचा पुत्र मुराद यालाच बोलावणे धाडले. शंभर वर्षांपूर्वी लुडोविकोने मिलानमध्ये केलेली चूक जशीच्या तशी अहमदनगरात घडली. चांदबिबीने किल्ला शर्थीने लढविला, तरी १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. ज्याच्यासाठी रोहिणखेडला दोनदा रक्त सांडले, तो मुलूख दरबारी भांडणापायी हातचा गेला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला पडला. रोहिणखेडचा दुसरा विजेता राजा अलीखान १५९७ साली मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला; आणि १६०१ च्या आरंभी असीरगड पडताच त्याचे फारुकी घराणेही संपले.

या साऱ्या उलथापालथीत येथील शेतकऱ्याचे, येथील गावगाड्याचे स्थान काय होते? घोडी त्याच्या पिकातून गेली, रसद त्याच्या कणगीतून उचलली गेली, आणि राज्य बदलले तरी सारा मागणारा हात तोच राहिला. येथील मराठा सरदारही पराक्रमी होते. पण तो पराक्रम कधी या शाहीच्या, कधी त्या शाहीच्या निशाणाखाली खर्च होत होता. याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातील सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे त्याचे जळजळीत उदाहरण. त्यांनी निजामशाहीची सेवा केली, मोगलांची केली, पुन्हा निजामशाहीकडे आले. आणि १६२९ साली दौलताबादला भर दरबारात मुलांसह दग्याने मारले गेले.

त्याच लखुजींच्या वाड्यात, रोहिणखेडच्या दुसऱ्या लढाईला दहा वर्षे व्हावयाच्या आत, १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. माहेर आणि सासर यांतील वैर, बापाचा खून, पतीची एका शाहीकडून दुसऱ्या शाहीकडे होणारी फरफट हे सारे त्यांनी भोगले. परक्यांच्या भांडणात आपली माणसे का खपावीत, हा प्रश्न त्यांना कुणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नव्हती. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुत्राने स्वराज्याच्या रूपाने दिले. इटलीला आपले उत्तर सापडण्यास १८६१ साल उजाडावे लागले. त्या लढ्यातील मॅझिनीचे विचार १९०७ साली सावरकरांनी मराठीत आणले, ते इटलीच्या कौतुकासाठी नव्हे. दुहीने गमावलेले कसे परत मिळवायचे, हे आपल्या लोकांना कळावे म्हणून.

आजही १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जनसागर लोटतो. त्यांतील काही कुटुंबांनी मुलाबाळांसह एखादा दिवस घाटाखालच्या रोहिणखेडलाही जावे. जिजाऊंनी कोणत्या काळोखात दिवा लावला, हे तेथे उभे राहिल्यावर अधिक नीट कळेल. आणि ज्यांना चार माणसांना बरोबर घेऊन काम करावयाचे आहे, मग ते गावचे असो, संस्थेचे असो वा राष्ट्राचे, त्यांनी तेथून एक गोष्ट अवश्य ध्यानी घेऊन यावी. संकटात माणसे सहसा एकत्र येतातच. यश मिळाल्यावर कुणाला उजव्या हाताला आणि कुणाला डाव्या हाताला उभे करावयाचे, हे ठरविताना ती फुटतात.