भामचे काका-पुतणे

नागपूरकर भोसल्यांचा इतिहास सांगताना यवतमाळ जिल्ह्याचा उल्लेख ओझरता होतो. पण या घराण्यातला सर्वांत अवघड तंटा भामला उभा राहिला आणि वणीजवळच्या मंदरला तलवारीने मिटला.

भाम हे सेनासाहेबसुभा असा किताब असलेल्या कान्होजी भोसल्यांचे ठाणे. पोटी मूल नाही, म्हणून भाऊबंदातला पुतण्या रघोजी याला त्यांनी हाताशी धरले. पुढे रायाजी जन्मला आणि घरातले वारे फिरले. रघोजी थोडे स्वार घेऊन बाहेर पडला. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान, एलिचपूरचा नबाब अशी चाकरी करत तो साताऱ्याला पोचला. शाहू महाराजांची मर्जी बसली आणि राणीच्या शिर्के माहेरची मुलगी देऊन त्यांनी त्याला सोयराच करून घेतला. १७३० च्या सुमारास तोच रघोजी महाराजांच्या हुकमाने काकांवर चालून आला. मंदरच्या लढाईत कान्होजी पकडले गेले आणि उरलेले आयुष्य साताऱ्याच्या कैदेत संपले.

रघोजीला कृतघ्न म्हणणे सोपे आहे. पण कान्होजी छत्रपतींचे हुकूम मानत नव्हते, निजामाकडे झुकल्याचा संशय त्यांच्यावर होता, आणि मुलगा होताच पुतण्याची आशा तोडली ती त्यांनीच. उलट बाजूही हलकी नाही. ज्या हुकमाने राज्याची शिस्त राखली, त्याच हुकमाने काकांचा मुलूख रघोजीच्या पदरात पडला. कर्तव्य आणि फायदा इतके एका वाटेने आले, की त्याच्या मनाची साक्ष आज कोणीच काढू शकत नाही.

घरातल्या अशाच तंट्याचा शेवट दुसरीकडे वेगळा झाला: हवाई बेटांवर कामेहामेहाने १७८२ मध्ये चुलतभाऊ किवालाओचा पराभव केला. त्या लढाईत किवालाओ मारला गेला. पुढे कामेहामेहाने त्याच्याच मुलीशी, केओपुओलानीशी, लग्न केले आणि तिचे दोन्ही मुलगे राजे झाले. तिथे हरलेल्याचे रक्त गादीवर बसले. कान्होजींच्या वाट्याला एवढेही आले नाही.

माझा कौल असा: मंदरची लढाई रघोजीच्या माथी मारू नये. वारसाची गोष्ट मोघम ठेवली ती कान्होजींनी. पण काकांच्या कैदेबद्दल रघोजीला सूट देता येत नाही. सोयरिकीचे वजन काकांच्या सुटकेसाठी वापरणे त्याला शक्य होते. आणि वारसाचा घोळ पुढच्या पिढीतही सुटला नाही. रघोजीचे पुत्र जानोजी यांनी भाऊ मुधोजींचा मुलगा दत्तक घेतला, तरी त्यांच्यामागे सत्तेसाठी भाऊ भांडलेच. १७७५ मध्ये पाचगावला मुधोजींच्या गोळीने साबाजी पडले. दोघेही रघोजीचेच मुलगे.