मरण सर्वांना सारखे कुठे?

मरण कुणाला चुकले आहे, असे आपण मौतीच्या घरी बोलून उठतो. बोलणे खरे आहे, पण अर्धेच. ते पहिल्या महिन्यात येते की सत्तराव्या वर्षी, हे माणूस कुठे जन्मला आणि त्याची माय किती शिकली यावर बरेचसे ठरते. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीचे २०२० सालचे आकडे पाहा. हजार बाळे जन्मली तर वर्षाच्या आत केरळात ६ दगावली, महाराष्ट्रात १६ आणि शेजारच्या मध्य प्रदेशात ४३.

हे दैव म्हणाल तर आम्ही ऐकणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून होत आली आहे. आईचे शिक्षण वाढते तसे बालमृत्यू घटतात, हेच तिच्यात पुन्हा पुन्हा दिसले. शिकलेल्या घरी पैसा असतो, त्याचा हा गुण, असे कुणी म्हणेल. काही अंशी आहेच. पण जॉन कॉल्डवेल या अभ्यासकाने नायजेरियातील कुटुंबे तपासून १९७९ साली दाखवले, की नवऱ्याचा कामधंदा सारखा धरला तरी शिकलेल्या आईची मुले जास्त जगतात. शाळेत गेलेली बाई दवाखान्यात प्रश्न विचारते, तिथले लोक तिचे ऐकून घेतात आणि घरातही तिचा शब्द चालतो. बाळ तापाने फणफणले तर कुणाच्या परवानगीसाठी ती दोन दिवस थांबत नाही. (खर्ऱ्याच्या बाबतीत मात्र शिकलेले मास्तरही मागे नाहीत, ही गोष्ट वेगळी!)

आणि आपण काय करतो? कापसाची वेचणी लागली की सातवी-आठवीतली पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी ठेवतो. रोजी बुडू नये म्हणून ठेवतो, हे आम्ही जाणतो. पण त्यात तिच्या उद्याच्या लेकराचे आयुष्य आपण आजच कापतो आहोत.

तरीही सारा दोष अडाणीपणावर टाकून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. राळेगावात ग्रामीण रुग्णालय आहे, पण केस अवघड झाली की कळंबवरून यवतमाळ गाठावे लागते. खेड्यावरच्या माणसाला तर आधी राळेगावच गाठायचे असते. पदवी असली म्हणून रस्ता कमी होत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय झाले ते आठवा. पऱ्हाटी त्या वर्षी छातीच्या वर वाढली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्यांच्या तोंडावरच विष उडाले. २० हून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. बहुतेक मजूर आणि लहान शेतकरी. विषाला आपण औषध म्हणतो, तिथूनच घात सुरू होतो! डब्यावर त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ही खूण न शिकलेल्यालाही कळते, पण ती त्याला समजावून कुणी दिली? बाकी मजकूर इतका बारीक की शिकलेल्यालाही भिंग लागावे. आणि दोन-तीन डबे कालवून भरलेला पंप हाती आला, तर मजुराने काय वाचावे?

अडाणी मायचे बाळ मरायचेच, असे मात्र मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत हे दाखवून दिले. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच बायांना त्यांनी शिकवून तयार केले. १९९५ पासून त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाचे वजन करू लागल्या, श्वास अडला तर उपाय करू लागल्या, जंतुदोष झाला तर इंजेक्शनही देऊ लागल्या. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या गावांतल्या माता काही तीन वर्षांत शाळा शिकून आल्या नव्हत्या. शिकलेली एक बाई त्यांच्या दारापर्यंत आली, एवढेच.

तेच काम आता आशाताईंकडे आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने घरी यायचे, असे ठरलेले आहे. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. पैसा लागत नाही. हे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ती आली नाही तर बोलावणे धाडा, आणि आली की बाळ काट्यावर ठेवूनच वजन करायला सांगा.