पहिल्या सत्राची जमाबाजू

बारावीचा निकाल लागल्यापासून पदवीच्या प्रवेशापर्यंत व्यापारी कुटुंबांत चर्चा होते ती बहुधा दोनच गोष्टींची : महाविद्यालय कोणते आणि शुल्क किती. प्रवेशानंतरच्या पहिल्या सत्रात मुलाने किंवा मुलीने काय करावे, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक पदवीचे पुढचे बरेचसे गणित त्या चार-पाच महिन्यांतच मांडले जाते.

बार्शीच्या एका आडत व्यापाऱ्याची कन्या २०२३ साली पुण्याच्या एका स्वायत्त महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमास दाखल झाली. आज ती संशोधनासह ऑनर्स पदवीच्या चौथ्या वर्षात आहे. नव्याने महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या धाकट्या भावंडांना आणि गावाकडच्या मैत्रिणींना ती जे सांगते, ते प्रत्येक घराने ऐकून घ्यावे असे आहे.

बारावीपर्यंत तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले होते. पुण्यास आल्यावर व्याख्याने इंग्रजीतून सुरू झाली आणि वर्गात पहिल्या बाकावर बसणारी ही मुलगी मागे सरकली. विषय समजत नव्हता असे नाही. शब्द अडत होते. दीड महिना तिने एकही प्रश्न विचारला नाही. संख्याशास्त्राच्या पहिल्या अंतर्गत चाचणीत तिला वीसपैकी सात गुण मिळाले. घरी फोनवर मात्र ती “सगळे ठीक आहे” एवढेच सांगत राहिली.

त्या वेळी तिला आठवली ती वडिलांच्या पेढीवरची शिस्त. दिवसभरात कितीही गर्दी असो, त्या दिवसाची रोजकीर्द त्याच रात्री लिहिली जाई. चार दिवसांचे व्यवहार एकदम लिहावयास बसले की चूक कुठे झाली ते सापडत नाही, हे तिने लहानपणापासून ऐकले होते. तिने तोच नियम अभ्यासास लावला. दिवसा ऐकलेले व्याख्यान त्याच संध्याकाळी स्वतःच्या शब्दांत, प्रथम मराठीत, लिहावयाचे. अडलेली इंग्रजी संज्ञा वेगळ्या वहीत अर्थासह टिपावयाची. आणि दुसऱ्या दिवशीचा भाग आधी एकदा वाचून जावयाचे. आठवड्याच्या अखेरीस उरलेल्या शंका कागदावर लिहून ती प्राध्यापकांच्या खोलीत जाऊ लागली. “मला काहीच कळत नाही” असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास मदत करणे शिक्षकासही कठीण असते. नेमका प्रश्न घेऊन येणाऱ्यास ते आनंदाने वेळ देतात, हा तिचा अनुभव आहे. दिवाळीपर्यंत ती वर्गात बोलू लागली होती.

नव्या पद्धतीत या शिस्तीचे मोल अधिक आहे. श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, हे आता पदवीचे माप आहे. एका श्रेयांकासाठी सत्रात साधारण पंधरा तासांचे अध्यापन अपेक्षित असते. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. मिळालेले श्रेयांक ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधील विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. संशोधनासह ऑनर्स करावयाचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत मिळून किमान ७५ टक्के गुण लागतात. पहिले वर्ष रुळण्यात गेले तरी चालते, ही जुनी समजूत म्हणूनच आता महागात पडते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही सत्रभर थोडे थोडे जमा होत असतात; शेवटच्या महिन्यातील जागरणाने ते परत मिळत नाहीत.

खरा पेच तिसऱ्या वर्षी आला. “तीन वर्षांत पदवी मिळते, मग चौथे वर्ष कशासाठी?” असा वडिलांचा रोखठोक प्रश्न होता. धाकटा भाऊ बारावीत होता, आजीची प्रकृती नाजूक होती आणि नातेवाइकांत स्थळांची बोलणीही सुरू झाली होती. मुलीने वाद घातला नाही. तिने एका कागदावर दोन रकाने आखले. एका बाजूस तीन वर्षांची पदवी आणि त्यापुढे दोन वर्षांचे एम. ए.; दुसऱ्या बाजूस चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि त्यापुढे एका वर्षाचे एम. ए. दोन्हींची बेरीज पाचच. खोलीभाडे, खानावळ आणि शुल्क यांचे आकडे तिने प्रत्येक वर्षासमोर लिहिले. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असल्यास नेट परीक्षेतून थेट पीएच. डी.चा मार्गही खुला होतो, हे तिने खाली नोंदविले. वडिलांनी कागद दोनदा वाचला, बेरीज स्वतः तपासली आणि संमती दिली. चौथ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने विषय निवडला तो बाजार समितीतील तुरीची आवक आणि भाव यांचा. पेढीवरच्या जुन्या चोपड्या आता तिच्या अभ्यासाचे साधन झाल्या आहेत आणि त्यांतील जुन्या नोंदी तिला उलगडून सांगण्यास वडील रात्री फोनवर बसतात.

ऑनर्स सर्वांनीच करावे, असे ती म्हणत नाही. ज्याला तीन वर्षांनी पेढी सांभाळावयाची आहे, त्याची पदवी काही उणी ठरत नाही. तिचा आग्रह इतकाच, की तो निर्णय तिसऱ्या वर्षी आपल्या हाती उरला पाहिजे. पालकांनाही तिची एक विनंती असते : सत्राचे वेळापत्रक घरातील दिनदर्शिकेशेजारी टांगावे. लग्नसमारंभ आणि दिवाळीची गर्दी यांसाठी मुलांस बोलावण्यापूर्वी चाचण्यांच्या तारखा पाहाव्यात. आणि फोनवर “सगळे ठीक आहे” असे उत्तर आले, तर तेवढ्यावर न थांबता आणखी एक प्रश्न विचारावा.