तळ्याकाठचा किल्ला आणि लाल शाई

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या कुशीत, जिनिव्हा सरोवराच्या काठावर शियोंचा किल्ला उभा आहे. १५३० ते १५३६ या काळात फ्रांस्वा बोनिव्हार तेथे कैदेत होता. १८१६ साली बायरनने तो किल्ला पाहिला आणि या बंदिवानावर दीर्घकविता लिहिली. किल्ला त्याआधी कित्येक शतके होताच. पण जगभरच्या वाचकांच्या मनात तो बांधला त्या कवितेने.

गेल्या हिवाळ्यात मराठीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही धुळ्याहून शहादामार्गे तोरणमाळला गेलो, तेव्हा हे उदाहरण सोबत होते. सातपुड्यातले, समुद्रसपाटीपासून १,००० मीटरांहून उंच असे हे पठार. त्यावर यशवंत तलाव, गोरक्षनाथाचे मंदिर आणि जुन्या तटबंदीचे विखुरलेले अवशेष. "किल्ला कुठे आहे, सर?" एका विद्यार्थ्याने विचारले. सह्याद्रीतले बुरूज आणि महादरवाजे पाहिलेल्या डोळ्यांना हे चार दगड किल्ला वाटेनात. आमची टिपणेही पाच मिनिटांत संपली. मग आम्ही नेहमीची खंत मांडली : सह्याद्रीच्या गडांना बखरी, पोवाडे, कादंबऱ्या लाभल्या; खानदेशातल्या गडांवर कोणी लिहिलेच नाही.

तेव्हा धडगावकडची, पावरा घरातली एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "या तळ्याचं माझी आजी सांगते, सर. पण ते मराठीत नीट बसत नाही."

आम्ही गप्प झालो. कारण याच मुलीच्या निबंधांतल्या घरच्या शब्दांभोवती लाल शाईची वर्तुळे आम्हीच काढली होती. वस्तुतः या तळ्याकाठी कथेचा दुष्काळ कधीच नव्हता. ती कथा पावरी-भिलीत नांदत होती आणि आमच्या वर्गाचे दार तिला बंद होते.

प्रमाणभाषा शिकवणे हे आमचे काम आहे, हे मान्य. परीक्षा आणि नोकरी दोन्ही तिच्याच वाटेवर आहेत, आणि ती वाट या मुलांना नाकारणे हा दुसरा अन्याय ठरेल. परंतु नवी भाषा देणे वेगळे आणि जुनी भाषा चूक ठरवणे वेगळे. आमचे विद्यापीठ आज ज्या बहिणाबाई चौधरींचे नाव लावते, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून ठेवल्या, म्हणून १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने आली. उतरवणाऱ्याने आधी बोली 'सुधारून' घेतली असती, तर मराठीच्या हाती काय उरले असते?

अभ्यासक्रम बदलणे आमच्या हाती नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मात्र आहेत. विद्यार्थ्याने आपल्या गावच्या गडाची, तळ्याची गोष्ट घरच्या बोलीत जशीच्या तशी उतरवावी आणि शेजारी तिचे मराठी रूप द्यावे. एवढा एक प्रकल्प प्रत्येक विभागाला सहज करता येईल. बायरनची वाट पाहण्याचे कारण नाही.

परतीच्या प्रवासात त्या मुलीला आम्ही तेच सुचवले. तिने विचारले, "शुद्धलेखनाचे गुण जातील का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही द्यायचे आहे.